लॉस एंजेलिसहून बाइकवर मेक्सिको: सात जणांच्या ग्रुपने आधी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑरेंज काउंटीतली सात मराठी मंडळी, पाच बाइक, दोघींना मागे बसायचंय. थँक्सगिव्हिंगला गुरुवार ते रविवार असे चार दिवस हाताशी आहेत आणि बाहा द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकावरच्या काबो सान लुकासपर्यंत जाऊन यायची इच्छा आहे. एक जण अमेरिकन नागरिक, तिघे ग्रीन कार्डवाले, तिघे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. त्या तिघांतल्या एकाचा पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, पण आय-७९७, म्हणजे एच-१बीच्या मंजुरीचं पत्र, चालू आहे. एक बाइक भाड्याने घ्यायचा विचार आहे. आणि शेवटी विचारलंय: "मेक्सिको बाइकसाठी सेफ आहे का?"

मी सॅन डिएगोला राहते आणि बरीच वर्षं बाहाच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या खाली लटकणाऱ्या मेक्सिकन द्वीपकल्पाच्या, रस्त्यांवर लहान लहान ग्रुप घेऊन जाते. सेफ आहे का, यावर खाली लिहिलंय. पण तुमच्या प्रश्नात खरी अडचण ती नाहीये. खरी अडचण ही की तुम्ही सात जणांना एक ग्रुप धरून चाललाय, आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याला, विमा कंपनीला आणि घाटातल्या वळणाला तुम्ही सात वेगवेगळी माणसं आहात. एकटा माणूस स्वतःपुरतं बघून निघतो. ग्रुपची सहल मात्र सगळ्यांत लहान टाकी, सगळ्यांत कमी सराव आणि सगळ्यांत अडचणीचा पासपोर्ट ठरवतो. तुमच्यातल्या कुणी किती आणि कुठली बाइक चालवलीय हे तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणून काही गोष्टी मी "तर"च्या भाषेतच सांगू शकते.

आधी काबोचं मिटवू. सीमेवरच्या तिहुआनापासून काबोपर्यंतचा फेडरल हायवे १ सुमारे १,७०० किमी आहे, एका बाजूचा. १९७३ साली पूर्ण झालेला हा रस्ता अजूनही बऱ्याच ठिकाणी दोनच पदरी आहे, डांबराच्या कडेला थांबायला पट्टी (शोल्डर) नाही आणि कड थेट खाली उतरते. नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो. अंधारात बाहामध्ये बाइक चालवायची नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. कारण लुटारू नव्हे, गाई. रात्री डांबर उबदार असतं म्हणून गुरं रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि काळी गाय हेडलाइटमध्ये दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आता दहा तासांचा उजेड, त्यात जेवण, पेट्रोल, सात जणांचं हेल्मेट काढणं-घालणं वजा करा आणि रोज साडेआठशे किमी बसतात का बघा. पट्टीचे रायडर हे करतात, पण ते समुद्र बघायला थांबत नाहीत. शिवाय एल रोसारियो ते गेरेरो नेग्रो या साधारण साडेतीनशे किमीच्या पट्ट्यात भरवशाचा पंप नाही. काताविन्याला रस्त्याकडेला लोक पिंपातून पेट्रोल विकतात, तेवढाच आधार. तुमच्यात एखादी लहान टाकीची क्रूझर असेल, आणि पाचात एक असतेच, तर ती तिथे अडकणार. काबोला दहा-बारा दिवस काढून जा, तेही जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे वाटेत गेरेरो नेग्रोजवळच्या खाडीत ग्रे व्हेल बघायला मिळतील.

चार दिवसांत मी पहिल्यांदा येणाऱ्यांना जी फेरी करायला लावते ती अशी. गुरुवारी सकाळी लवकर निघून कॅलिफोर्नियाच्या ९४ नंबर रस्त्याने तेकातेच्या सीमेवर या. तिहुआनाच्या गर्दीत पहिल्यांदाच शिरण्यापेक्षा तेकाते कितीतरी बरं. गाव लहान, सीमा लहान. फक्त ती चोवीस तास उघडी नसते, तेव्हा चालू वेळा बघून निघा. तिथून हायवे ३ने द्राक्षमळ्यांच्या व्हाये दे ग्वादालुपेमधून एन्सेनाडा, सुमारे ११० किमी. मुक्काम तिथेच, आणि संध्याकाळी गाडीवरचे फिश टाको. शुक्रवारी तोच हायवे ३ पूर्वेकडे पकडायचा: ओहोस नेग्रोस, व्हाये दे ला त्रिनिदाद, सान मातियासची खिंड आणि मग वाळवंटात उतरून सान फेलिपे. हे सुमारे २४५ किमी आहेत आणि अख्ख्या फेरीतला सगळ्यांत सुंदर तुकडा हाच. खिंड ओलांडली की उजव्या हाताला पिकाचो देल दियाब्लो दिसतं, ३,००० मीटरच्या वरचं, बाहातलं सर्वांत उंच शिखर. सकाळी या पठारावर चांगलीच थंडी असते आणि दुपारी खाली जॅकेट काढावंसं वाटतं, तेव्हा थरांचे कपडे घ्या. शनिवारी सकाळी सान फेलिपेचा समुद्र बघा. तिथे ओहोटी इतकी लांब जाते की मचवे चिखलात बसलेले दिसतात. दुपारी हायवे ५ने मेक्सिकाली, सुमारे १९५ किमी सरळसोट. मेक्सिकालीत जुनी चिनी वस्ती आहे, तिथे चिनी जेवण जेवा, मेक्सिकन नको. रविवारी उजाडताच सीमेपलीकडच्या कॅलेक्सिकोहून परत. थँक्सगिव्हिंगच्या रविवारी दुपारी सीमेवर यायचं नाही. अर्धं दक्षिण कॅलिफोर्निया त्याच वेळी घरी परतत असतं.

एक सावधगिरी: बाहा १००० ही ऑफ-रोड शर्यत साधारण नोव्हेंबरच्या मध्यात असते आणि बहुतेक वेळा एन्सेनाडाला सुरू होते. तारीख तुमच्या सुट्टीच्या आसपास आली तर हॉटेलं मिळायची मारामार होते. आजच बघून ठेवा.

आता कागद. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ग्रुप मोडतात ते इथेच.

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला जायला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. त्याला सवलत अशी की अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा किंवा कायम वास्तव्याचं कार्ड असेल तर तो लागत नाही. म्हणजे ग्रीन कार्डवाले तिघे आणि चालू स्टॅम्प (म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा) असलेले एच-१बीवाले दोघे मोकळे. ग्रीन कार्ड मूळ हवं. फोनमधला फोटो दाखवून काही होत नाही.

ज्याचा स्टॅम्प संपलाय त्याचं काय, यावर लोक दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून बसतात. अमेरिकेत परत येण्यासाठी एक तरतूद आहे, "ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन". कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवस किंवा त्याहून कमी राहून परत येणारा, ज्याचं आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची आणि कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) चालू आहे आणि ज्याने बाहेर असताना नवीन व्हिसासाठी अर्ज केलेला नाही, त्याला संपलेल्या स्टॅम्पवरही परत घेता येतं. ही सोय खरी आहे आणि लोक वर्षानुवर्षं वापरतात. पण ती अमेरिकेची. मेक्सिकोला तिच्याशी काही देणंघेणं नाही. मेक्सिको विचारतो, चालू व्हिसा आहे का? आय-७९७ हा व्हिसा नव्हे. तेव्हा तुमच्या मित्राला दोनच मार्ग आहेत: पासपोर्टवर कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर त्यावर जाणं, नाहीतर मेक्सिकोच्या वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन त्यांचा व्हिसा काढणं. तुमच्या जवळ सांता आनाला वकिलात आहे. ती अपॉइंटमेंट सुट्टीच्या आधी मिळेल का, हे आजच बघायचं काम आहे. नाही मिळाली तर तो या वेळी येत नाही, आणि हे त्याला सीमेवर नव्हे, आत्ता सांगायचं. मित्राला "चल रे, कुणी विचारत नाही" म्हणणारा एक तरी ग्रुपमध्ये असतोच. सीमेवर विचारत नाहीत हे बऱ्याचदा खरंही असतं. पण पुढे अपघात झाला, पोलिसांनी कागद मागितले, तर हा माणूस परवानगीशिवाय दुसऱ्या देशात असतो आणि ते निस्तरायला तो "चल रे"वाला कामाचा नसतो.

ज्या कुणाची ग्रीन कार्डची फाइल चालू आहे, म्हणजे आय-४८५ भरलेला आहे, त्याने आधी वकिलाला विचारावं. एच-१बी चालू असलेल्यांना सहसा अडचण नसते. पण जो फक्त ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, आहे तो ॲडव्हान्स पॅरोलशिवाय, म्हणजे परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय, बाहेर गेला तर अर्जच सोडून दिला असं धरलं जातं. आणि मेक्सिकोत शिरताना ॲडव्हान्स पॅरोल हा व्हिसाही नाही. मागे बसणाऱ्या दोघींचं स्टेटस तुम्ही वेगळं लिहिलेलं नाही. वरचं सगळं त्यांनाही तसंच लागू आहे. मागच्या सीटवरच्या माणसाचे कागद पुढच्याच्या नावावर चालत नाहीत, हे सांगायची वेळ माझ्यावर खरंच आलेली आहे.

मेक्सिकोत शिरताना प्रत्येकाला पर्यटक परवाना घ्यायचा असतो, त्याला एफएमएम म्हणतात. जमिनीवरून जाणाऱ्याला सात दिवसांपर्यंतचा फुकट मिळतो, त्याहून जास्त दिवसांना फी पडते. गंमत ही की तेकातेला तुम्ही गेटमधून बाइक पुढे नेली, कस्टमचा हिरवा दिवा लागला, की थेट गावात असता. कुणी थांबवलेलं नसतं, त्यामुळे सगळं झालं असं वाटतं. झालेलं नसतं. गेटजवळ बाइक लावायच्या, इमिग्रेशनच्या ऑफिसात सगळ्यांनी चालत जायचं आणि शिक्का घ्यायचा. काही ठिकाणी फॉर्म न देता पासपोर्टवरच शिक्का मारून दिवस लिहितात. किती लिहिलेत ते खिडकीसमोर उभं राहूनच वाचा.

लाल दिवा लागला तर सामान उघडून दाखवायचं, बस. फक्त बंदूक किंवा काडतूस नको. मेक्सिकोत हा गंभीर गुन्हा आहे, आणि खिशाच्या कोपऱ्यात विसरलेली एक गोळीसुद्धा पुरते. शूटिंग रेंजवर जाणाऱ्या कुणाची बॅग उसनी घेतली असेल तर ती घरीच झटकून बघा.

गाडीच्या कागदांत एक दिलासा आहे. मेक्सिकोच्या मुख्य भूमीवर सीमापट्ट्याच्या पुढे परदेशी बाइक न्यायला तात्पुरता आयात परवाना लागतो, त्यासाठी बानहेर्सितो या बँकेत अनामत ठेवावी लागते. २००७ किंवा नंतरच्या मॉडेलला ४०० डॉलर, आणि परत येताना परवाना रद्द करून घेतला नाही तर ते गेले. बाहा द्वीपकल्पात हे काहीच लागत नाही. पहिल्या ट्रिपला मी बाहाच सुचवते त्यामागे हे मोठं कारण आहे. रजिस्ट्रेशन मात्र मूळ आणि चालवणाऱ्याच्या नावाचं हवं. बाइक भावाच्या नावावर असेल तर त्याचं नोटरी केलेलं परवानगीपत्र. लायसन्सवर मोटरसायकलचा एम क्लास हवाच.

भाड्याच्या बाइकबद्दल माझं स्पष्ट मत: नको. अमेरिकेतल्या बहुतेक भाडे कंपन्या मेक्सिकोला परवानगीच देत नाहीत. देत असतील तर ती लेखी हवी आणि त्यावर विमाही त्यांनीच सांगितलेला हवा. काउंटरवरच्या मुलाने "हो, जातात लोक" म्हणणं ही परवानगी नव्हे. पाचव्या माणसाने बाइक विकत घेईपर्यंत थांबावं किंवा कारने यावं. सामान न्यायला आणि आजारी पडलेल्याला बसवायला ग्रुपमागे एक कार असणं मला तर आवडतंच.

विमा. तुमची अमेरिकन पॉलिसी मेक्सिकोत दुसऱ्याच्या नुकसानीसाठी ग्राह्य धरत नाहीत. मेक्सिकन कंपनीची लायबिलिटी पॉलिसी हवी, ती ऑनलाइन दिवसांच्या हिशेबाने मिळते. त्यात तीन गोष्टी बघायच्या. लायबिलिटीची रक्कम किमान तीन लाख डॉलर, कायदेशीर मदतीचं कलम, आणि मागे बसणारीचा समावेश. कायदेशीर मदत का, तर तिथे कुणाला इजा झालेल्या अपघातानंतर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात. पॉलिसी दाखवली आणि कंपनीचा वकील आला की सुटका लवकर होते. दुसरं, अपघात झाला की जागेवरूनच कंपनीला फोन करायचा आणि त्यांच्या ॲडजस्टरची, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाची, वाट बघायची. "घरी जाऊन क्लेम टाकू" हे तिथे चालत नाही, मेक्सिको सोडायच्या आत कळवावं लागतं. पॉलिसी कागदावर छापून प्रत्येकाच्या जॅकेटात ठेवा. सान मातियासच्या खिंडीत फोनला रेंज नसते.

वैद्यकीय विमा वेगळा. अमेरिकेतला आरोग्य विमा मेक्सिकोत सहसा निरुपयोगी आणि हॉस्पिटलं आधी पैसे मागतात. ट्रॅव्हल मेडिकल पॉलिसी घ्याल तेव्हा त्यातली अपवादांची यादी वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये मोटरसायकल वगळलेली असते किंवा अमुक सीसीपर्यंतच चालते. रुग्णाला सीमेपलीकडे आणायचा खर्च त्यात आहे का, तेही बघा.

इथपर्यंत एका दमात: फेरी लहान करा, संपलेल्या स्टॅम्पवाल्याचा प्रश्न आज सोडवा, भाड्याची बाइक सोडा, मेक्सिकन विमा छापून घ्या, एफएमएमचा शिक्का घेतल्याशिवाय गावात शिरू नका. हे झालं की मग बाइक चालवण्याच्या गप्पा.

रस्त्यावर सगळ्यांनी मला दिसत राहायला हवं असा आग्रह धरणारा लीडर ग्रुपला धोक्यात घालतो. मागचे मग दिसत राहण्यासाठी स्वतःच्या कुवतीबाहेर पळवतात. माझी पद्धत सोपी आहे. सरळ रस्त्यावर डावी-उजवी अशी तिरकी रांग, वळणांत एकामागे एक. वळण घ्यायच्या प्रत्येक फाट्यावर पुढचा थांबतो आणि मागचा दिसेपर्यंत हलत नाही. तेवढं पाळलं तर कुणी हरवत नाही आणि कुणाला पाठलागही करावा लागत नाही. सर्वांत मागे सर्वांत पक्का रायडर, हत्यारं आणि फर्स्ट एड त्याच्याकडे. बहुतेक ग्रुप नवख्याला मागे टाकतात, ते उलटं आहे. नवखा लीडरच्या लगेच मागे हवा, म्हणजे लीडरचा वेग आपोआप त्याच्यापुरता राहतो.

ओव्हरटेक हा प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय. पुढचा गेला म्हणून तुम्ही जायचं नाही. त्याला दिसलेला मोकळा रस्ता तुम्ही पोहोचेपर्यंत मोकळा राहिलेला नसतो. इथे मेक्सिकन ट्रकवाल्यांची एक सवय माहीत हवी. दोन पदरी रस्त्यावर पुढचा ट्रक डावा इंडिकेटर देतो तेव्हा त्याचा अर्थ बऱ्याचदा "रस्ता मोकळा आहे, निघ पुढे" असा असतो. पण तोच डावा इंडिकेटर "मी डावीकडे वळतोय" असाही असू शकतो. डाव्या हाताला कच्चा रस्ता, पंप किंवा शेताचं फाटक दिसत असेल तर मी थांबते. ट्रकचा वेग कमी होत नसेल, ब्रेकचे दिवे लागले नसतील आणि मला स्वतःला पुढचा रस्ता दिसत असेल तरच जाते. त्याच्या इशाऱ्यावर विसंबून कधीच नाही.

गावाच्या तोंडाशी टोपे येतात, म्हणजे स्पीडब्रेकर. काही रंगवलेले, काही नाहीत, आणि काही इतके उंच की लो क्रूझरचं पोट घासतं. वाळवंटात "व्हादो"ची पाटी दिसली की रस्ता खाली उतरून पुन्हा चढतो, पावसाळी ओढ्याची वाट असते ती. पाऊस नसला तरी तळाशी वाळू साचलेली असते, तेव्हा वेग आधी कमी करायचा, तळाशी ब्रेक दाबायचा नाही. पाट्या किलोमीटरच्या असतात. जुन्या अमेरिकन बाइकवर फक्त मैल असतात, तर ८० म्हणजे ५० हे टाकीवर टेप लावून लिहून ठेवा.

पुण्यात पल्सर चालवली होती म्हणजे गाई, खड्डे, उलटी येणारी गाडी यांचा अंदाज आपल्याला उपजतच असतो, असं आपल्यातले बरेच जण समजतात. थोडं खरंही आहे. पण ती दीडशे किलोच्या आतली बाइक होती, वेग साठ होता आणि नंतरची दहा वर्षं सरळ फ्रीवेवर गेलीत. जड बाइक आणि मागे बसलेलं माणूस घेऊन उतारावरचं वळण, तेही वळणात वाळू असताना, हा वेगळा विषय आहे. निघायच्या आधी एखाद्या रविवारी सगळ्यांनी ऑर्टेगा हायवे किंवा पालोमारचा घाट एकत्र करा. कोण कुठे ताठरतो ते तिथे कळेल आणि त्यावरून रांग लावा. मागे बसणाऱ्या दोघींनाही त्या दिवशी न्या. तीन तास बसून पाठ बोलायला लागते का, हे एन्सेनाडाच्या पुढे कळण्यात अर्थ नाही.

पेट्रोलचा नियम: टाकी अर्धी झाली की पहिल्या पंपावर भरायची, सगळ्यांनी, लहान टाकीवाल्याच्या हिशेबाने. हिरवा नोझल माग्ना म्हणजे ८७ ऑक्टेनचं पेट्रोल, लाल प्रीमियम. काळ्या नोझलात डिझेल असतं. व्हाये दे ला त्रिनिदादला पंप आहे, तरी मी एन्सेनाडाहून भरूनच निघते. पंपावर मीटर शून्यावर आहे का बघा आणि पेसोत पैसे द्या. पंक्चरला घाबरू नका. प्रत्येक गावात यांतेरा असतो, टायरवाला, आणि ट्यूबच्या टायरचं काम ते आपल्या इथल्या डीलरपेक्षा लवकर करतात. वाटेत बंद पडलात तर ०७८ वर "हिरवे देवदूत", आंहेलेस व्हेर्देस, ही सरकारी मदत-गाडी मिळते. इमर्जन्सीचा नंबर तिथेही ९११ च आहे.

लष्करी नाकी लागतात, सान फेलिपेच्या उत्तरेला हमखास. कोवळी पोरं असतात, हातात रायफल. इंजिन बंद, हेल्मेट आणि गॉगल काढायचा, "बुएनोस दियास" म्हणायचं, आणि सामान ते सांगतील तसं उघडायचं. एकदा आमच्यातल्या एकाच्या टँकबॅगेत बिनलेबलच्या झिपलॉकमध्ये पिवळसर भुकटी निघाली. शिपायाने पिशवी उघडून नाक आत घातलं, शिंकला, दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून पुन्हा वास घेतला. मग त्यांचा साहेब आला. शेवटी मी त्यातली चिमूट स्वतःच्या जिभेवर टाकली, भातावर कालवल्याची खूण केली, आणि साहेब हसून बाजूला झाला. मेतकूट होतं. तेव्हापासून माझ्या ग्रुपला सांगते: मेतकूट, सुंठ, चटण्या सगळं दुकानाच्या पाकिटात न्या किंवा नेऊच नका. औषधं मूळ बाटलीत, प्रिस्क्रिप्शनसकट.

गावातल्या वाहतूक पोलिसाने "आल्तो"च्या (थांबा) पाटीवर पूर्ण थांबला नाहीत म्हणून अडवलं आणि जागेवरच पैसे मागितले तर शांतपणे पावती मागायची, ठाण्यात येऊन भरतो म्हणायचं. पुष्कळदा तो सोडून देतो. खरंच चूक असेल तर ठाण्यात जाऊन भरून टाका. आणि त्या पाटीवर खरोखर थांबा. पाच बाइकच्या रांगेत तिसऱ्यापासून पुढचे सगळे सरकतच जातात.

आता सेफ आहे का. अमेरिकेचं परराष्ट्र खातं मेक्सिकोला राज्यागणिक पातळ्या लावतं. बाहा कॅलिफोर्निया हे उत्तरेकडचं राज्य गेली काही वर्षं तिसऱ्या पातळीवर, म्हणजे "जाण्याचा पुनर्विचार करा", आणि दक्षिणेकडचं बाहा कॅलिफोर्निया सुर दुसऱ्या पातळीवर राहिलंय. सिनालोआ आणि तामाउलिपास चौथ्यावर, तिकडे मी जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी हे पुन्हा वाचा, कारण बदलतं. एप्रिल २०२४ मध्ये एन्सेनाडाच्या दक्षिणेला निर्जन किनाऱ्यावर तंबू टाकून राहिलेले तीन सर्फर मारले गेले. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या गाडीच्या टायरांसाठी. हे लपवून "काही होत नाही हो" म्हणणाऱ्यांतली मी नाही. म्हणून माझ्या ग्रुपमध्ये किनाऱ्यावर तंबू नाही, रात्री भटकणं नाही, आणि हॉटेल असं की बाइक आतल्या आवारात फाटकामागे लागतात. हे पाळल्यावर उरतो तो मुख्य धोका रस्त्याचा: वाळू, गाय, ट्रक आणि दमलेला रायडर. ज्या ग्रुपने वरची तयारी केलीय त्याच्यासोबत मी आजही आनंदाने जाईन. जो ग्रुप काबोवर अडून बसेल त्याच्यासोबत नाही.

परतीची एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. कॅलेक्सिकोच्या रांगेत तुमचा ग्रुप फुटणार. रेडी लेन या जलद रांगेत चिपवालं कार्ड लागतं, ग्रीन कार्ड चालतं. नागरिकाला पासपोर्ट कार्ड लागतं, नुसतं पुस्तक पुरत नाही. आणि बाइकवरच्या दोघांकडेही तसं कार्ड हवं. एच-१बीवाले साध्या रांगेत. बाइकवाले गाड्यांच्या मधून पुढे सरकतात, तिथे कुणी हरकत घेत नाही, पण आरसे सांभाळा आणि फेरीवाल्यांना वाट द्या. पलीकडे भेटायची जागा आदल्या रात्रीच ठरवा. रिव्हॅलिडेशनवर येणाऱ्याने आय-९४ ची प्रिंट, आय-७९७ आणि ताज्या पगाराच्या स्लिपा वरच्या खिशात ठेवाव्यात, अधिकाऱ्याला तरतुदीचं नाव सांगावं, आणि त्याला आत चौकशीला बसवलं तर बाकीच्यांनी घाई करू नये. फळं आणि डुकराचं मांस आणू नका.

घरी पोहोचल्यावर एच-१बीवाल्या तिघांनीही आपलं आय-९४ वेबसाइटवरून उतरवून तारीख तपासावी. नवीन नोंद झाली असेल आणि पासपोर्टची मुदत आय-७९७ च्या आधी संपत असेल तर अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो, आणि लोकांना ते वर्षभराने कळतं. तारीख चुकीची वाटली तर अशा चुका दुरुस्त करणाऱ्या जवळच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसला त्याच आठवड्यात फोन करा आणि तुमच्या वकिलालाही एक मेल टाका.